चाकांवरचं घर आणि शेपटीवाले प्रवासी

दोस्तांनो, सहलीला निघायचं म्हटलं की घरात एक प्रश्न हमखास येतो. कुत्र्याचं काय करायचं? शेजारच्या काकूंकडे ठेवायचं, की मामाकडे पाठवायचं? पण आपलं अख्खं घरच सोबत नेता आलं तर? मग कुत्राही आला, त्याची वाटीही आली आणि झोपायची गोधडीही!

ही कल्पना काही नवी नाही बरं का. स्कॉटलंडचे डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स हे नौदलातले डॉक्टर. पुढे ते मुलांसाठी साहसकथा लिहू लागले. १८८५ साली त्यांनी सहलीसाठी एक लांबलचक लाकडी गाडी बांधून घेतली आणि तिचं नाव ठेवलं ‘वाँडरर’, म्हणजे भटक्या. दोन घोडे जुंपून स्वारी निघाली ती इंग्लंडमधल्या ट्वायफर्डहून थेट स्कॉटलंडमधल्या इन्व्हरनेसला! सोबत गाडीवान, नोकर, एक काकाकुवा आणि ‘हरिकेन बॉब’ नावाचा धिप्पाड न्यूफाउंडलंड कुत्रा. हौसेनं फिरण्यासाठी बांधलेली ही पहिली कॅरॅव्हॅन मानली जाते. म्हणजे पहिल्या कॅरॅव्हॅनमध्येसुद्धा कुत्रा होताच की!

आज घोड्यांची जागा मोटारीनं घेतली आहे. मोटारीमागे जोडलेल्या या चाकांवरच्या घरात पलंग, गॅसची शेगडी, फ्रिज, पाण्याची टाकी, सगळं असतं. अशा घरातून फिरण्याचं वेड ऑस्ट्रेलियात फार. तिथे निवृत्त झालेले आजी-आजोबासुद्धा महिनोन् महिने कॅरॅव्हॅन घेऊन हिंडतात. लोक त्यांना गमतीनं ‘ग्रे नोमॅड्स’, म्हणजे पिकल्या केसांचे भटके म्हणतात. चला, आपणही मनातल्या मनात अशीच एक सफर करू या. ऑस्ट्रेलियात परदेशी कुत्रा नेण्याचे नियम भलतेच कडक आहेत, त्यामुळे आपले दोन कुत्रे तिथलेच. पण नावं मात्र आपली: मोत्या आणि वाघ्या!

ब्रिस्बेन ते केर्न्स

क्वीन्सलँड राज्यातला ब्रूस हायवे ब्रिस्बेनपासून उत्तरेला केर्न्सपर्यंत जातो. लांबी सुमारे १७०० किलोमीटर. उजव्या हाताला प्रशांत महासागर आणि त्यात ग्रेट बॅरियर रीफ. डाव्या हाताला डोंगर, कुरणं आणि उसाचे मळे. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूनं चालतात. ऋतू मात्र उलटे. जून ते ऑगस्ट हा तिथला हिवाळा. आकाश निरभ्र आणि हवा सुखाची. म्हणून निघायचं ते तेव्हाच. उन्हाळ्यात तिकडे धो धो पाऊस आणि चक्रीवादळं!

निघताना पहिला नियम. मोत्या आणि वाघ्या मोटारीत बसणार, पट्ट्यानं बांधून. चालत्या कॅरॅव्हॅनमध्ये माणसांना बसायला कायद्यानं बंदी आहे आणि कुत्र्यांनाही तिथे ठेवू नये. आत ऊन तापतं, सामान आदळतं आणि काही झालं तर पुढच्यांना कळतही नाही. चालकाच्या मांडीवर कुत्रा? अजिबात नाही, तोही गुन्हाच.

रस्ता लांब आणि सरळ, त्यामुळे चालकाला डुलकी लागण्याची भीती. यावर क्वीन्सलँडनं एक मजेशीर उपाय काढला. रस्त्याकडेला पाट्यांवर सामान्यज्ञानाचे प्रश्न लिहिले! ‘राज्याचं फूल कोणतं?’ असा प्रश्न येतो. गाडीतले सगळे डोकं खाजवतात आणि पुढे काही अंतरावर उत्तराची पाटी येते: कुकटाऊन ऑर्किड.

मकरवृत्त ओलांडताना

बंडाबर्गजवळ मों रेपो नावाचा किनारा आहे. नोव्हेंबरपासून तिथे समुद्री कासवं अंडी घालायला येतात. या किनाऱ्यावर कुत्र्यांना बंदी आहे, कारण उघडच आहे: कुत्रा वाळू उकरतो. आपल्या कोकणात वेळासच्या किनाऱ्यावरही कासवांची घरटी जाळी लावून जपावी लागतात, ती याचसाठी.

पुढे रॉकहॅम्प्टन येतं. इथून मकरवृत्त जातं आणि आपण उष्ण कटिबंधात शिरतो. आपला सगळा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, म्हणजे उष्ण कटिबंधातच आहे. म्हणूनच इथून पुढचा मुलूख ओळखीचा वाटू लागतो. नारळ, केळी, आंबे, ऊस! मॅके गावाच्या आसपास तर जिकडे पाहावं तिकडे ऊसच ऊस. मळ्यांतून जेमतेम दोन फूट रुंदीच्या रुळांवर छोट्या आगगाड्या ऊस भरून कारखान्याकडे धावतात. गळीत हंगामात त्या रस्ता ओलांडतात आणि मोटारींना थांबून राहावं लागतं. मग वाघ्या खिडकीतून भुंकणारच!

बोवेन गावात दहा मीटर उंचीचा आंबा उभा आहे, अर्थात खोटा. खरा बोवेनचा आंबा ‘केन्सिंग्टन प्राइड’ या जातीचा. त्याचं मूळ भारतातलं असावं असं मानतात. एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियातून घोडे भारतात पाठवले जात. त्याच व्यापाऱ्यांबरोबर तो परत आला म्हणे. म्हणजे हापूसचा लांबचा चुलतभाऊच!

बेडूक, गोचीड आणि मगर

आता जरा गंभीर गोष्ट. ज्या उसाचं आपण कौतुक केलं, त्याच उसानं कुत्र्यांवर एक संकट आणलं आहे. उसाला लागणारे भुंगेरे खातील म्हणून १९३५ साली हवाई बेटांवरून शंभराच्या आसपास मोठे भेक आणले. केर्न्सजवळच्या गॉर्डनवेलमध्ये त्यांची पैदास करून ते मळ्यांत सोडले. भेकांनी भुंगेऱ्यांचा बंदोबस्त केला नाही. स्वतःच मात्र वाढत कोट्यवधी झाले! हा ‘केन टोड’. त्याच्या डोक्यामागच्या फुगीर ग्रंथींत विष असतं. रात्री तळाभोवती काहीतरी टुणटुण उडताना दिसलं की कुत्रा ते तोंडात धरतोच. मग लाळ गळते, हिरड्या लालबुंद होतात, पुढे झटकेही येतात. अशा वेळी ओल्या फडक्यानं हिरड्या आणि जीभ पुन्हा पुन्हा पुसायची, फडकं दर वेळी धुवायचं आणि लगेच प्राण्यांच्या डॉक्टरकडे धाव घ्यायची. नळीनं तोंडात पाणी मारू नये, विष घशात उतरतं.

दुसरा शत्रू त्याहून लहान: गोचीड. पूर्व किनाऱ्यावरच्या ‘पॅरॅलिसिस टिक’ या गोचिडीच्या लाळेत विष असतं. ती एरवी बँडिकूट या प्राण्याच्या अंगावर राहते (ही आपली घूस नव्हे, हा पोटाला पिशवी असलेला प्राणी). ती कुत्र्याला चिकटली, तर काही दिवसांत त्याचे मागचे पाय लटपटतात, भुंकण्याचा आवाज बदलतो आणि शेवटी श्वासही थांबू शकतो. गोचीड-प्रतिबंधक औषध निघण्याआधीच द्यायचं. तरीही रोज संध्याकाळी बोटांनी सगळं अंग चाचपायचं. कानामागे, पट्ट्याखाली, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा.

आणि तिसरा शत्रू? तो दिसेपर्यंत उशीर झालेला असतो! ग्लॅडस्टोनच्या दक्षिणेला असलेल्या बॉइन नदीपासून उत्तरेला खाऱ्या पाण्यातल्या मगरींचा मुलूख सुरू होतो. खाड्या, नद्या, किनारे, कुठेही त्या असू शकतात. पाण्यापासून किमान पाच मीटर दूर राहायचं आणि मुक्काम किमान पन्नास मीटर दूर करायचा. मोत्याला पोहायची कितीही हौस असो, पट्टा सोडायचा नाही.

कॅसोवरीच्या राज्यात

टलीमध्ये ७.९ मीटर उंच गमबूट उभारला आहे. १९५० साली या गावात इतका पाऊस पडला होता, त्याची ही आठवण! या पावसावर वाढलेल्या मिशन बीचच्या जंगलात कॅसोवरी राहतो. माणसाएवढा उंच, निळ्या मानेचा, न उडणारा पक्षी. बाबा कॅसोवरी अंडी उबवतो आणि पिल्लंही सांभाळतो. हा पक्षी फळं अख्खी गिळतो आणि बिया लांबवर टाकतो. काही झाडांच्या मोठ्या बिया पसरवणारं त्याच्यासारखं दुसरं कोणी नाही. कॅसोवरी गेला, तर जंगलही बदलेल. आणि त्याला मारणाऱ्या मोठ्या कारणांत दोन नावं येतात: भरधाव मोटारी आणि मोकळे कुत्रे.

म्हणजे पाहा हं, आपण मोटार घेऊन आलोय आणि कुत्रेही! म्हणूनच इथे गाडी सावकाश आणि पट्टा घट्ट. राष्ट्रीय उद्यानांत तर पाळीव कुत्र्यांना प्रवेशच नाही. ‘पण आमचा मोत्या कुणाला काही करत नाही,’ असं तिथे चालत नाही. मग काय करायचं? आई-मुलं जंगल पाहून येईपर्यंत बाबांनी मोत्या-वाघ्यांबरोबर तळावर थांबायचं, दुसऱ्या दिवशी पाळी बदलायची. कुत्र्यांना बंद मोटारीत ठेवून मात्र कधीही जायचं नाही. बाहेर ३० अंश असलं, तरी दहा मिनिटांत आत ४० च्या आसपास होतं. आपल्यासारखा अंगभर घाम कुत्र्याला येत नाही, तो धापा टाकूनच गार होतो. आणि गरम हवेत धापा टाकून गार कसं होणार?

हे लक्षात ठेवा

• पाण्याची वाटी आणि भरपूर पाणी हाताशी.
• दर दोन तासांनी थांबा. चालकाला चहा, कुत्र्याला फेरी.
• गळ्यातल्या बिल्ल्यावर घरच्यांचा फोन नंबर.
• विष्ठा उचलायच्या पिशव्या. हे काम मुलांचं!
• वाटेतल्या प्राण्यांच्या डॉक्टरांचे पत्ते आधीच लिहून घ्या.

तुमच्याकडे कॅरॅव्हॅन नसेल, पण मेच्या सुट्टीत मोटारीतून गावी जाताना सोबत कुत्रा असेलच की. गोचीड कोकणातही आहेत आणि ऊन तर जास्तच. तेव्हा ही यादी कापून गाडीत ठेवा. आणि हो, वाटेत ढाब्यावर जेवायला थांबलात, तर एकानं कुत्र्याजवळ सावलीत बसायचं. पहिली पाळी कुणाची, ते निघण्याआधीच ठरवून टाका!