मटण-भाकरीचे जेवण (बारामती-इंदापूर)

मटण-भाकरीचे जेवण हे पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील, विशेषतः बारामती व इंदापूर तालुक्यांतील, सामिष आहार घेणाऱ्या कुटुंबांचे सणावारी व पाहुणचाराचे पारंपरिक जेवण होय. आळणी, सुके मटण, तिखट रस्सा, ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी, भात, कांदा व लिंबू हे त्याचे मुख्य घटक होत. सामिष स्वयंपाकाला या भागाच्या बोलीत 'वशाट' असेही म्हणतात. थोडे मांस पुष्कळ माणसांना पुरविणे ही या जेवणामागची मूळ गरज आहे. त्याची कृती, ताटाची मांडणी आणि पंगतीचे नियम या गरजेतूनच घडलेले दिसतात.

प्रदेश आणि धान्य

दोन्ही तालुक्यांचा दक्षिण भाग नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर बागायती झाला. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील साखर कारखाने या पट्ट्यातले आहेत. बारामतीचा उत्तर भाग मात्र जिरायती राहिला. तेथे खरिपात बाजरी आणि रब्बीत ज्वारी ही पिके घेतली जातात. ऊस आला, घरोघर गहू आला, तरी मटणाच्या ताटातून भाकरी हटली नाही. चपातीबरोबर मटण वाढणे हे आजही अनेक घरांत सोय म्हणून चालते, रीत म्हणून नव्हे. हिवाळ्यात बाजरीची आणि एरवी ज्वारीची, त्यातही मालदांडी ज्वारीची, भाकरी पसंत केली जाते.

मांस आणि वाटे

मटण बोकडाचे किंवा मेंढ्याचे असते. काळ्या रंगाची उस्मानाबादी शेळी आणि धनगरांच्या कळपांतील दख्खनी मेंढी या जाती या भागाला परिचित आहेत. बोकड की मेंढा, हा प्रश्न केवळ चवीचा नाही. हवेली तालुक्यातील वाडेबोल्हाई येथील बोल्हाई ही ज्यांची देवी आहे, ती कुटुंबे शेळीचे वा बोकडाचे मांस खात नाहीत, मेंढीचे खातात. त्यामुळे पुणे जिल्ह्यात खाटकांच्या दुकानांवर 'बोल्हाईचे मटण' अशा पाट्या दिसतात. अनोळखी पाहुण्याला मटणाचे आमंत्रण देताना 'तुम्हाला बोल्हाईचे लागते का' असे विचारून घेणे येथे शिष्टाचाराचा भाग मानले जाते.

खेड्यात दुकानातून मटण आणण्यापेक्षा 'वाटे घालण्याची' पद्धत जुनी आहे. पाच-दहा घरे मिळून एक बोकड विकत घेतात. तो कापल्यावर मांसाचे सारखे ढीग करतात. प्रत्येक ढिगात मांडी, खांदा, छाती, चाप, मान आणि काळीज यांचा थोडा थोडा अंश पडला पाहिजे, असा नियम असतो. वजनापेक्षा नजरेवर भरवसा ठेवून केलेली ही वाटणी असल्यामुळे वाटे घालणारा माणूस गावात विश्वासाचा असावा लागतो. मुंडी, पाय, वजडी व रक्ती यांचा हिशेब निराळा ठेवतात. मुंडी व पाय आगीवर भाजून, केस खरडून घेतात. काळजाचे दोन तुकडे मीठ लावून निखाऱ्यावर भाजायचे आणि चुलीभोवती घुटमळणाऱ्या मुलांच्या हातावर ठेवायचे, हा या स्वयंपाकाचा अलिखित आरंभ आहे.

कृती

युरोपात रविवारच्या कौटुंबिक जेवणासाठी डुकराच्या मांसाचा मोठा तुकडा भट्टीत भाजून त्याच्या चकत्या वाढण्याची प्रथा आहे. गोव्यातील ख्रिस्ती घरांत सणासमारंभाला डुकराचे पिल्लू अख्खे भाजतात. डुकराच्या मांसातील चरबी भाजताना वितळते आणि मांस ओलसर राहते. बोकडाचे मांस त्या मानाने कोरडे व जाड धाग्यांचे. नुसत्या आचेवर भाजले तर ते चिवट होते. त्याच्या सांध्यांतील व स्नायूंतील कोलॅजेन हे प्रथिन पाण्यात मंद आचेवर दीर्घ काळ शिजल्यावर जिलेटिनमध्ये रूपांतरित होते. त्यामुळे मांस मऊ पडते आणि पाण्याला अंगचा दाटपणा येतो. शिवाय भाजलेल्या तुकड्याच्या चकत्या मोजक्याच निघतात, रश्श्याचे तसे नाही. ऐन वेळी पाहुणा आला तर तांब्याभर आधण घालून रस्सा वाढविता येतो.

एक किलो मटणाचे प्रमाण साधारण असे धरतात. धुतलेल्या मटणाला एक चमचा हळद, दोन मोठे चमचे आले-लसणाचे वाटण व मीठ चोळून ते थोड्या तेलावर परततात. पातेल्यावर खोलगट झाकण ठेवून त्यात पाणी ओततात. आतली वाफ झाकणाला लागून पुन्हा मांसावर पडते व झाकणावरचे पाणी तापते. मांसाला सुटलेले पाणी आटत आले की हेच गरम पाणी आत घालतात. पातेल्यात सव्वा ते दीड तास, कुकरमध्ये पाच-सहा शिट्ट्या लागतात. जून बोकडाला याहून अधिक वेळ द्यावा लागतो.

या टप्प्यावर पातेल्यात जे पाणी असते ती आळणी. नावाप्रमाणे ती मिठाविना नसते. तिखट-मसाला पडण्यापूर्वीचे सौम्य सार, असा येथे अर्थ घ्यायचा. लहान मुले, आजारी माणसे व बाळंतीण यांच्यासाठी ती आधी काढून ठेवतात. घाईच्या घरांत आळणी काढायची राहून जाते आणि मग मुलांना तिखट रश्श्यात पाणी घालून द्यावे लागते. तो खरे तर स्वयंपाकाचा दोषच म्हणावा लागेल.

वाटणासाठी चार मध्यम कांदे निखाऱ्यात किंवा गॅसच्या ज्योतीवर सालीसकट काळे होईपर्यंत भाजतात. अर्धी वाटी सुके खोबरे, दोन मोठे चमचे तीळ व एक चमचा खसखस वेगवेगळी भाजून घेतात, कारण तिन्हींना लागणारी आच सारखी नसते. लसूण व कोथिंबीर घालून हे सारे पूर्वी पाट्यावर वाटत, आता मिक्सरमधून काढतात. तेलात वाटण परतून कडेने तेल सुटू लागले की घरचा मसाला पडतो. मसाल्याच्या बाबतीत हा प्रदेश सीमेवर आहे. पश्चिमेकडून साताऱ्याचा कांदा-लसूण मसाला आणि पूर्वेकडून सोलापूरचे काळे तिखट, दोन्ही येथे येऊन मिळतात. लेक ज्या गावाहून आली त्या गावचा मसाला सासरच्या डब्यात शिरतो. उन्हाळ्यात धने, खोबरे, दगडफूल, नागकेशर, लवंग, मिरी, दालचिनी, तमालपत्र इत्यादी भाजून मिरचीबरोबर कांडून वर्षाची बेगमी करतात.

शिजलेल्या मटणातील काही फोडी थोड्या वाटणात कोरड्या परतल्या की सुके मटण होते. उरलेल्या फोडी, वाटण आणि शिजवलेले पाणी मिळून रस्सा होतो. रश्श्यात गरमच पाणी घालावे, थंड पाण्याने तर्री बसते, असे जाणत्या स्त्रिया सांगतात. मिरचीचा रंग व तिखटपणा ही दोन्ही तेलात विरघळत असल्यामुळे ती वर तरंगणाऱ्या तर्रीत उतरतात. म्हणूनच तिखट न सोसणाऱ्याला पळी खाली बुडवून वाढतात.

ताट

भाकरी या ताटात तोंडीलावणे नसून मुख्य अन्न आहे. ज्वारी-बाजरीत गव्हासारखे ग्लूटेन नसल्याने पीठ ताणले जात नाही. ते गरम पाण्यात मळून, हाताने थापून, तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवून भाजावे लागते. पापुद्रा सुटलेली भाकरी ताटात कुस्करायची, तिच्यावर रस्सा ओतायचा आणि काला करून खायचा. एका भाकरीत वाटीभर रस्सा सहज मुरतो. बुक्कीने फोडलेला कांदा, लिंबाची फोड, कधी मुळा व शेंगदाण्याची चटणी एवढी जोड असते. भात शेवटी येतो. मांसाच्या दोन-तीन फोडींवर माणूस पोटभर जेवतो, ते या मांडणीमुळे.

दिवस आणि माळकरी

धुळवड, गावच्या यात्रेचा दुसरा दिवस, लग्नानंतरचा जागरण-गोंधळ आणि आषाढातला 'आखाड' हे या जेवणाचे ठरलेले प्रसंग. यात्रेत पहिल्या दिवशी पुरणपोळीचा नैवेद्य होतो आणि मटण दुसऱ्या दिवशी शिजते. सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी आणि संपूर्ण श्रावण महिना बहुतेक घरे पाळतात.

आषाढाचे या भागात विशेष महत्त्व आहे. देहूहून निघालेली संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर व सराटी असे मुक्काम करीत नीरा ओलांडते. वाटेत बेलवाडी व इंदापूर येथे रिंगण होते. पालखीच्या दिवसांत वाटेवरच्या गावांत मटण शिजत नाही. आषाढी एकादशी उलटल्यावर मात्र त्याच घरांत आखाडाची तयारी सुरू होते, ती आषाढ अमावास्येपर्यंत चालते. एकाच कुटुंबात आजोबा माळकरी आणि नातवंडे मटण खाणारी, असे चित्र सर्रास आढळते. अशा घरांत मटणाची चूल अंगणात तीन दगडांवर मांडतात, भांडी व पळ्या वेगळ्या ठेवतात आणि माळकऱ्यांसाठी त्याच वाटणातला भाग मांसाला हात लागण्यापूर्वी बाजूला काढून त्यात वांगी किंवा हुलग्याचे शेंगोळे करतात. ही तडजोड कोणी लिहून ठेवलेली नाही. ती मोडल्यास घरात अबोला होतो, इतके मात्र निश्चित.

पंगत

वाट्यांच्या वेळी दिसणारी समानता पंगतीत टिकत नाही. पाहुणे व पुरुष आधी, त्यांच्यासोबत मुले आणि स्वयंपाक केलेल्या स्त्रिया शेवटी, असा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. नळी जावयाला किंवा हट्टी नातवाला मिळते. सुके मटण पहिल्या पंगतीतच संपते. शेवटच्या पंगतीला पुष्कळदा रस्सा, मानेची हाडे आणि पातेल्याला लागलेला मसाला एवढेच उरते. मांस पुरविण्याची ही सारी युक्ती ज्यांच्या हातची, त्यांच्याच ताटात ते सर्वांत कमी पडते. याला 'रश्श्यातच खरी चव असते' असे समर्थन दिले जाते, आणि ते देणाऱ्याच्या ताटात बहुधा नळी असते. दोन-अडीच दशकांत लहान कुटुंबांत सर्वांनी एकत्र बसण्याची पद्धत रुळत आहे. काही घरांत सुके मटण आधीच सर्वांच्या नावे वाट्यांत काढून ठेवतात.

आजची स्थिती

बोकडाचे मटण महागल्यामुळे आठवड्याच्या सामिष जेवणात ब्रॉयलर कोंबडीने त्याची जागा घेतली आहे. उजनी धरणाच्या फुगवट्यामुळे भिगवण परिसरात मासळीही मुबलक मिळते. पुणे-सोलापूर महामार्गावरील धाब्यांवर 'मटण थाळी' या नावाने हेच ताट विकले जाते. तेथे रस्सा व भाकरी हवी तेवढी मिळते, सुके मटण मात्र वाटीत मोजून येते. घरी उरलेला रस्सा रात्रभर मुरतो आणि सकाळी शिळ्या भाकरीबरोबर खाल्ला जातो. तो गरम करताना पाणी घालीत नाहीत.