संवाद म्हणजे काय?

संवाद हा शब्द हल्ली फार स्वस्त झाला आहे. कारखान्याच्या दारावर तंटा उभा राहिला की दोन्ही बाजूंनी 'संवाद हवा' असे म्हटले जाते, आणि पुष्कळदा त्याचा अर्थ इतकाच असतो की, एकाने सांगावे व दुसऱ्याने मान डोलवावी. तेव्हा या शब्दाचे कूळ एकदा पाहिले पाहिजे.

'सम्' म्हणजे एकत्र, 'वद्' म्हणजे बोलणे. ग्रीकांचा 'सिंफनी' हा शब्दही 'एकत्र' आणि 'नाद' यांचाच बनला आहे. संस्कृतात संवाद म्हणजे संभाषण, तसेच मेळ बसणे. हा दुसरा अर्थ आपल्या बोलण्यातून मागे पडला. 'विसंवाद' या उलट शब्दात तेवढा तो उरला आहे.

गवयांनी मात्र तो जपला. भरताच्या नाट्यशास्त्रात स्वरांचे वादी, संवादी, अनुवादी व विवादी असे चार प्रकार आहेत. सप्तकाच्या बावीस श्रुतींपैकी नऊ किंवा तेरा श्रुतींचे अंतर ज्या दोन स्वरांत असेल, ते परस्परांचे संवादी. उदाहरणार्थ षड्ज-मध्यम, षड्ज-पंचम. म्हणजे संवादाला अंतर लागते, आणि तेही मोजलेले! षड्जाची तार सेकंदाला २४० वेळा कंप पावली, तर पंचमाची ३६० वेळा पावते. एकीचे दोन कंप होतात तेवढ्यात दुसरीचे तीन, आणि मग दोघी पुन्हा एकत्र येतात. मिरजेच्या तंबोऱ्याची पहिली तार रागाप्रमाणे पंचमावर, मध्यमावर, कधी निषादावर लावतात. तिने षड्जच बोलावा असा हट्ट कोणी धरीत नाही.

आमच्या नीराकाठच्या साखरपट्ट्यात हंगामी कामगार गाळप थांबल्यावरच्या भत्त्याबद्दल बोलतो, संचालक ताळेबंदाबद्दल. हे दोन स्वर वेगळेच राहणार. त्यांतले अंतर मोजायचे तर गाळपाचे दिवस, उतारा, खर्च हे आकडे दोघांच्याही पुढे असले पाहिजेत. ते कपाटात ठेवून संवादाची भाषा करणे ही मला तरी थट्टा वाटते.

आणि विवादी? भरताने ऋषभ-गांधार ही जोडी विवादी सांगितली. तरीही पुढे भातखंड्यांच्या पद्धतीत कुशल गवयाला रागातला विवादी स्वर क्वचित लावण्याची मुभा आहे, त्याने रंजकता वाढते म्हणून. १९४७ च्या कामगार कायद्याला 'औद्योगिक विवाद' हे नाव मिळाले, ते देणाऱ्यांच्या मनात अर्थातच संगीत नव्हते.

जाता जाता दुसऱ्या एका शब्दाची गंमत. आपण काम बंद ठेवण्याला संप म्हणतो. गुजरातीत संप म्हणजे एकी, सलोखा. तिकडे घरातली वडील माणसे मुलांना संपाने राहायला सांगतात.