शिवकालीन दप्तर : पत्र कोणाच्या हातून जाई?

पत्रव्यवहाराची कामे वाटून दिलेली होती.

• चिटणीस : राजाज्ञेवरून पत्र लिहिणारा. बाळाजी आवजी.

• वाकनीस (मंत्री) : दरबारातल्या रोजच्या घडामोडींची नोंद.

• सुरनीस (सचिव) : लिहिलेले पत्र तपासणारा. अधिकउणा मजकूर दुरुस्त करी. महाल-परगण्यांचे हिशेबही त्याच्याकडे. १६७४च्या राज्याभिषेकावेळी अण्णाजी दत्तो. राजारामकाळात शंकराजी नारायण. पुढे पद वंशपरंपरागत झाले, पंत सचिवांचे भोर संस्थान त्यातूनच उभे राहिले. विलीनीकरण १९४८.

• मोर्तब : मजकूर संपताच उमटवायची छोटी मुद्रा. खाली नंतर ओळ घुसवता येऊ नये, यासाठी.

• लिपी : मोडी.

• राज्यव्यवहारकोश : कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय.