मागच्या चाकांना डिस्क: स्वस्तात पडते का?

धाराशिव जिल्ह्यात एमएच-२५ पासिंगच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक असतात. तुळजापूरचा घाट उतरताना ब्रेक तापले, की मागेही डिस्क बसवाव्यात असे वाटते. त्याच कंपनीच्या वरच्या मॉडेलचे भाग भंगारात मिळाले, तर खर्च आवाक्यात येतो. पण काम नुसते नटबोल्टचे नाही.

ब्रेक दाबताच गाडीचा भार पुढे झुकतो. थांबवण्याचे बरेचसे काम पुढची चाकेच करतात. मागच्या चाकाचा फिरता ड्रम आतल्या पुढच्या ब्रेक शूला आपल्याकडे ओढतो, म्हणून कमी दाबातही पकड बसते. डिस्कला ही मदत नसते, दाब जास्त लागतो. त्यासाठी मास्टर सिलिंडर आणि मागचा दाब आवरणारा व्हॉल्व्ह जुळवावा लागतो. जुळणी चुकली, तर मागची चाके आधी जाम होऊन गाडी आडवी फिरते. हँडब्रेकची सोय असलेला कॅलिपरही शोधावा लागतो. शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते. आधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारावे.

थोडक्या पैशांत भागवायचे, तर आधी ड्रम उघडा. धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. झिजलेले लायनर बदला, व्हील सिलिंडर गळतोय का बघा, शू ॲडजस्ट करून घ्या. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदला. आणि घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्येच ठेवा.