थकवा म्हणजे आळस नव्हे

मंचेरियलचा उन्हाळा कसा असतो, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. मार्चच्या मध्यापासून शाळा एकवेळची होते, दुपारी रस्ते ओस पडतात आणि वर्गातून बाहेर पडताना प्रत्येकाचे तोंड उतरलेले असते. तो थकवा थंड पाण्याने, घटकाभर विश्रांतीने व रात्रीच्या झोपेने निघून जातो. परंतु याच उन्हात एखाद्याच्या डोळ्यांपुढचा फळा धूसर होतो, हातातली लेखणी जड होते आणि जिन्याच्या चार पायऱ्या चढणेही त्याला संकट वाटते. अशा विद्यार्थ्याला आपण काय म्हणतो? बहुधा आळशीच म्हणतो. तो खरोखर आजारी असू शकेल, हा विचार आपल्या मनात सहसा येत नाही. म्हणून मल्टिपल स्क्लेरोसिस या आजाराची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

आपला मेंदू व पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू यांतून असंख्य मज्जातंतू गेलेले असतात. पाहणे, चालणे, लिहिणे, तोल सांभाळणे ही सर्व कामे त्यांतून धावणाऱ्या संदेशांवर चालतात. विजेच्या तारेवर जसे रबराचे वेष्टन असते, तसे या तंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध आवरण असते. त्यामुळे संदेश वेगाने व न अडखळता पोहोचतो. रोगजंतूंशी लढणे हे शरीराच्या प्रतिकारशक्तीचे काम. या आजारात मात्र ती वाट चुकते आणि स्वतःच्याच मायलिनवर तुटून पडते. आवरण झिजले की संदेश मंदावतो, कधी वाटेतच थांबतो. झिजलेल्या जागी कठीण वण राहतात. ‘मल्टिपल’ म्हणजे अनेक आणि ‘स्क्लेरोसिस’ म्हणजे काठिण्य; नावाचा अर्थ एवढाच. पॅरिस येथील सालपेत्रिएर रुग्णालयातील डॉक्टर झाँ-मार्तां शार्को यांनी 1868 मध्ये या आजाराचे व्यवस्थित वर्णन केले.

वण जेथे पडेल, त्याप्रमाणे लक्षण दिसते. डोळ्याच्या मज्जातंतूवर पडला तर दृष्टी अंधुक होते व डोळा हलविताना दुखतो. मज्जारज्जूत पडला तर पायांत मुंग्या येतात किंवा बळ कमी होते. त्यामुळे दोन रुग्णांची दुखणी सहसा सारखी नसतात. बहुतेकांत आरंभी हा आजार झटक्यांनी येतो. काही दिवस वा आठवडे त्रास होतो, मग बराच उतार पडतो, पुढे केव्हातरी पुन्हा झटका येतो. उताराच्या काळात रुग्ण अगदी धडधाकट दिसतो आणि गैरसमजाला तेथूनच सुरुवात होते.

दहावीत शिकणारी अशी एक मुलगी आपण कल्पनेने डोळ्यांपुढे आणू. सकाळी ती ताजीतवानी असते, म्हणून अवघड गणिते ती पहाटेच सोडविते. दप्तरात त्या दिवशी लागतील तेवढीच पुस्तके घेते. पहिल्या दोन तासांत तिचे अक्षर मोत्यासारखे असते, चौथ्या तासाला तेच वेडेवाकडे होते, कारण बोटे बधिर झालेली असतात. मूत्राशयावरील ताबा कमी झाल्याने तिला तासाच्या मध्येच बाहेर जाण्याची परवानगी मागावी लागते. मैत्रिणी हसतात. घरी आल्यावर ती तासभर निजते आणि शेजारीण म्हणते, “या वयात एवढे कसले थकणे?” हा प्रश्न तिला आजाराइतकाच दुखवितो.

उन्हाचा संबंध येथे येतो. आवरण गमावलेला तंतू थोड्याशा उष्णतेनेही आपले काम नीट करीनासा होतो. जर्मन नेत्रवैद्य विल्हेल्म ऊथोफ यांनी 1890 मध्ये असे नोंदविले की, श्रमानंतर अशा रुग्णांची दृष्टी काही वेळ मंदावते. पुढे कळले की याचे कारण शरीराचे वाढलेले तापमान होय. अंग थंड झाले की दृष्टी पूर्ववत होते. त्या उष्णतेने नवी इजा होत नाही. म्हणजे पंख्याखालची जागा, ओला रुमाल व थंड पाण्याची बाटली या गोष्टी त्या मुलीसाठी चैन नसून गरज आहेत.

आमच्या कल्पनेतील ही मुलगी एके दिवशी धीर करून वर्गापुढे उभी राहते. हातात विजेच्या तारेचा एक तुकडा असतो, मध्येच वेष्टन सोललेला. ती म्हणते, “माझ्या आत असे झाले आहे.” कोणी विचारतो, “हे आम्हांला लागेल का?” मुळीच नाही, हा आजार संसर्गजन्य नाही. तो का होतो, याचा पूर्ण उलगडा अजून झालेला नाही. एपस्टाइन-बार नावाच्या विषाणूचा त्याच्याशी निकट संबंध असल्याचे 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या संशोधनातून दिसून आले. तरी हा विषाणू बहुतेक सर्व माणसांच्या शरीरात शिरलेला असतो आणि आजार मात्र फारच थोड्यांना होतो. बहुधा तो विशी ते चाळिशीच्या दरम्यान प्रकट होतो, क्वचित शालेय वयातही. पुरुषांपेक्षा स्त्रियांत त्याचे प्रमाण अधिक आहे.

आजार समूळ बरा करणारे औषध अद्याप नाही. परंतु 1993 पासून झटके कमी करणारी औषधे मिळू लागली आणि त्यांत सतत भर पडत आहे. मेंदूच्या एमआरआय चित्रात वण दिसतात, त्यामुळे निदानही पूर्वीपेक्षा लवकर होते. उपचार जितका लवकर सुरू होईल, तितके अधिक तंतू वाचण्याची आशा असते. अर्थात प्रत्येक थकवा म्हणजे हाच आजार, असे समजून कोणी घाबरू नये. रक्ताची कमतरता, अपुरी झोप, चष्म्याची गरज ही कारणे कितीतरी अधिक आढळतात. मात्र एका डोळ्याची दृष्टी एकाएकी मंदावली किंवा हातापायांचा बधिरपणा दिवसेंदिवस टिकला, तर वडीलधाऱ्यांना सांगून डॉक्टरांकडे जावे.

आपल्या देशाच्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचा स्पष्ट उल्लेख आहे. तेव्हा आवश्यक सवलत मागणे ही याचना नव्हे. पण कायदा वर्गात येऊन बसत नाही. तेथे आपणच असतो. खालच्या मजल्यावरची खोली, पंख्याजवळचे बाक, उतरवून घ्यावयास दिलेली वही, न हसता दिलेली वाट, एवढे तर आपल्या हाती आहे.

जगभर 30 मे हा या आजाराच्या जाणीवजागृतीचा दिवस पाळला जातो. त्या वेळी आपल्याकडे रोहिणीचे ऊन तापलेले असते व शाळेला सुटी असते. म्हणून हे सांगण्याचे काम या वार्षिकाच्या पानांवर आम्ही करीत आहोत. यापुढे वर्गात कोणी “मी थकलो” असे म्हटले, तर त्याला नाव ठेवण्यापूर्वी एकदा विचारावे, “काय होते आहे?” आणि तो जे सांगेल, त्यावर विश्वास ठेवावा.