कणाचं घर

मुंबईहून दिल्लीला जाणाऱ्या एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ च्या एका इंजिनात ऑइल असतं साधारण वीसेक लिटर. इंधन टनांनी मोजतात, ऑइल लिटरांनी. पण इंजिनाचा जीव त्या वीस लिटरांवर असतो. आतला मुख्य शाफ्ट मिनिटाला चौदा हजारांच्या आसपास फेऱ्या मारतो. त्याला तोलून धरणाऱ्या बेअरिंगना वंगण हवं, गारवा हवा आणि साफसफाईही हवी, आणि ही तिन्ही कामं ऑइलच करतं. एक पंप टाकीतलं ऑइल बेअरिंगपर्यंत पोचवतो, दुसरे पंप ते ओढून परत आणतात. वाटेत ते गाळलं जातं, आपली उष्णता इंधनाला देऊन निवतं आणि पुन्हा टाकीत येतं. बेअरिंगचा पृष्ठभाग सोलवटायला लागला, गिअरचा दात झिजला, एखादं सील खराब झालं, तर त्याची पहिली खबर बहुतेक वेळा या परतीच्या ऑइलमध्ये येते. कंपनं तेव्हा वाढलेली नसतात, आवाजही बदललेला नसतो.

मी पेणचा. नोकरी मुंबईच्या विमानतळावर झाली, एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर म्हणून. आता निवृत्त होऊन पेणलाच असतो. २५ डिसेंबर २०२५ ला नवी मुंबईच्या विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली. तो विमानतळ आमच्याच रायगड जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात, पेणपासून तासाभराच्या अंतरावर. तेव्हापासून बारावी सायन्सची मुलं-मुली आणि त्यांचे आईवडील घरी येऊन विचारतात, ‘काका, विमानाचा इंजिनिअर नेमकं करतो काय?’ मी त्यांना ऑइलची तपासणी सांगतो. आमच्या कामात लागणारी नजर आणि लागणारा संशय, दोन्ही त्यात आहेत.

इंजिनात ऑइलच्या परतीच्या वाटेवर एक छोटं चुंबक बसवलेलं असतं. त्याला मॅग्नेटिक चिप डिटेक्टर म्हणतात, बोलताना नुसतं एमसीडी. ऑइलमधून वाहत आलेला लोखंडी कण त्याला चिकटतो. बऱ्याच इंजिनांत पुढच्या बेअरिंगांची, मागच्या बेअरिंगांची आणि गिअरबॉक्सची परतीची नळी वेगळी असते आणि प्रत्येकीवर स्वतंत्र चुंबक असतं. त्यामुळे कण कुठल्या बाजूने आला एवढं लगेच कळतं. ठरलेल्या तासांनी, नाहीतर कॉकपिटमध्ये इशारा आला की, हे चुंबक काढून पाहायचं. रात्रीच्या पाळीत, टॉर्चच्या उजेडात, पांढऱ्या कापडावर.

चुंबकावर बहुधा काळसर, मऊ लव सापडते. आम्ही तिला फझ म्हणतो. ही रोजच्या झिजेची बारीक भुकटी. नव्या इंजिनात ती जरा जास्त असते आणि ती पुसून नोंद करणं पुरेसं असतं. टाचणीच्या डोक्याएवढा चपटा, चकाकणारा कपचा दिसला की गोष्ट वेगळी. सुईसारखा लांबट किस असेल तर तो कुठेतरी धातू धातूला घासत असल्याची खूण, किंवा कारखान्यात कापकाम करताना मागे राहिलेला. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते सिनिअर इंजिनिअर कण दिसला की पहिल्यांदा एकच विचारायचे : ‘याचं घर कुठलं?’ हा कण इथे आला, पण निघाला कुठून? ते कळेपर्यंत विमानाच्या कागदावर सही नाही.

घर शोधायचं ते धातूवरून. जेट इंजिनांच्या मुख्य बेअरिंगसाठी एम-५० नावाचं पोलाद फार वापरतात. त्यात लोखंडाबरोबर सुमारे चार टक्के क्रोमियम, चार टक्के मॉलिब्डेनम आणि एक टक्का व्हॅनेडियम असतं. प्रयोगशाळेने कणावर क्ष-किरण टाकून हे मिश्रण ओळखलं की बहुतेक वेळा इंजिन उतरवायची तयारी करावी लागते. बेअरिंगच्या गोळ्यांना जागेवर ठेवणाऱ्या पिंजऱ्यावर चांदीचा मुलामा असतो, म्हणून ऑइलमध्ये चांदी दिसणं हे वाईट लक्षण. तांबं पितळी बुशमधून येतं. सिलिकॉन म्हणजे बहुधा धूळ. पण नुकतंच एखादं झाकण सीलंट लावून बसवलं असेल तर ते त्या सीलंटचंही असू शकतं. म्हणून अहवाल वाचताना इंजिनाचं लॉगबुक शेजारी उघडं हवं.

आमच्या पेणमध्ये गणपतीच्या कारखान्यातला कारागीर शाडूची माती बोटांत चोळून तिच्यातला खडा ओळखतो. ऑइलच्या बाबतीत मात्र हा मोह टाळायचा. जेट इंजिनाच्या ऑइलमध्ये झीज कमी करण्यासाठी फॉस्फेटची रसायनं घातलेली असतात, ती कातडीतून शरीरात जाणं चांगलं नाही. हातमोजे घालूनच काम करायचं.

नाकाचा उपयोग मात्र होतो. ऑइलला करपल्याचा वास आला तर कुठेतरी ते जळून त्याचा कोळसा होतो आहे, आणि तो कोळसा बारीक नळ्या बुजवू शकतो. इंधनाचा वास आला तर ऑइल थंड करणाऱ्या उपकरणात गळती आहे. तेव्हा टाकीतली पातळी चक्क वाढलेली दिसते. ऑइल कमी झालेलं कुणाच्याही लक्षात येतं. वाढलेलं दिसल्यावर थांबून विचार करायला शिकवावं लागतं, आणि मी नव्या मुलांना हे मुद्दाम शिकवत असे.

छोट्या, पिस्टन इंजिनाच्या विमानांची तऱ्हा निराळी. फ्लाइंग क्लबच्या सेस्नासारख्या विमानात साधारण पन्नास तासांनी ऑइल आणि फिल्टर बदलतात. काढलेला फिल्टर टाकून द्यायचा नाही, कापायचा. तोही हॅकसॉने नाही, कारण पात्याचाच किस आत पडेल आणि आपणच घाबरून बसू. त्यासाठी डबा उघडायच्या यंत्रासारखं खास कटर मिळतं. आतला घड्यांचा कागद उलगडून, स्वच्छ सॉल्व्हंटमध्ये खंगाळून, तळाशी बसलेल्या गाळातून चुंबक फिरवायचं. चुंबकाला न चिकटणारे चंदेरी तुकडे ॲल्युमिनियमचे असण्याची शक्यता असते. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात टाकल्यावर बुडबुडे आले तर शंका मिटते. दाबल्यावर चुरा होतो तो कार्बन. या विमानांचा मोठा शत्रू आमच्या कोकणासारखी दमट हवा. विमान पावसाळाभर उभं राहिलं की कॅमशाफ्टवरचं ऑइल निथळून जातं, तिथे गंज धरतो आणि पुढे उडायला लागल्यावर त्या जागेचे पापुद्रे फिल्टरमध्ये येतात. रोज उडणाऱ्या विमानापेक्षा उभ्या विमानाची मला नेहमी जास्त काळजी वाटत आली.

डोळ्यांना आणि चुंबकाला दिसतं ते एवढंच. त्याहून बारीक धातू ऑइलमध्ये तरंगत असतो आणि तो पकडायची युक्ती विमानवाल्यांना रेल्वेने दिली. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या डेन्व्हर अँड रिओ ग्रान्डे वेस्टर्न या रेल्वेने डिझेल इंजिनांचं वापरलेलं ऑइल स्पेक्ट्रोमीटरने तपासायला सुरुवात केली. ऑइलचा नमुना विजेच्या ठिणगीत जाळला की प्रत्येक धातू आपापल्या ठरावीक रंगाचा प्रकाश देतो, आणि त्या प्रकाशाच्या तीव्रतेवरून दहा लाख भागांत धातूचे किती भाग आहेत ते कळतं. १९५० च्या दशकात अमेरिकी नौदलाने ही पद्धत विमानांसाठी उचलली. आपल्याकडच्या रेल्वेच्या डिझेल शेडमध्येही ती वर्षानुवर्षं चालत आली आहे. आमच्याच जिल्ह्यातल्या रोह्याला मध्य रेल्वे संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते. २०२२ मध्ये विद्युतीकरण पूर्ण होईपर्यंत या मार्गावरच्या गाड्या डिझेल इंजिनं ओढत होती. रोहा स्टेशनवर धडधडत उभ्या राहिलेल्या त्या इंजिनांचं ऑइलही असंच तपासलं जायचं, हे सांगितलं की तिकडच्या मुलांचे डोळे मोठे होतात.

माझी बहीण रोह्याला असते. भाचा धाटावच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. त्याने एकदा माझ्याशी वाद घातला : ‘मामा, आकडा मर्यादेच्या आत असला की नमुना पास. आमच्याकडे तसंच असतं.’ इंजिनाच्या ऑइलला हे चालत नाही. समजा, लोखंडाचे आकडे लागोपाठ दोन, दोन, तीन, तीन आले आणि मग एकदम सात आला. मर्यादा पंधरा असली तरी तो सात मला झोपू देणार नाही. आणि दुसरं एखादं इंजिन पहिल्यापासून सातावर स्थिर असेल, तर ते त्याचं नेहमीचं असेल. आकडा त्याच इंजिनाच्या जुन्या आकड्यांशेजारी ठेवायचा. मधल्या काळात किती ऑइल वरून भरलं तेही विचारायचं, कारण नवं ऑइल पडलं की धातूचं प्रमाण आपोआप खाली येतं आणि झीज झाकली जाते. भाच्याने हे लगेच मान्य केलं. प्रमाण पातळ होणं केमिस्टला समजावून सांगावं लागत नाही.

स्पेक्ट्रोमीटर यंत्राची एक मर्यादा मात्र पक्की लक्षात हवी. साधारण आठ-दहा मायक्रॉनपेक्षा मोठे कण ते नीट पकडू शकत नाही, कारण ठिणगीत ते पूर्ण जळत नाहीत. म्हणजे ऑइलचा अहवाल निर्मळ आणि चुंबकावर मात्र कपचा, असं होऊ शकतं. तेव्हा कपच्याचं ऐकायचं.

तपासणी स्वतःच घात करू शकते, हेही सांगायला हवं. ५ मे १९८३ ला अमेरिकेच्या ईस्टर्न एअरलाइन्सचं तीन इंजिनांचं लॉकहीड ट्रायस्टार विमान मायामीहून नासाऊला निघालं. आदल्या रात्री तिन्ही इंजिनांचे चिप डिटेक्टर नेहमीप्रमाणे बदलले होते. प्रत्येक डिटेक्टरला रबराची छोटी ओ-रिंग लागते. एरवी ती बसवलेले डिटेक्टर तयार मिळत. त्या रात्री मिळालेल्यांवर ती नव्हती आणि ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. गळती पाहायला इंजिन फिरवलं, तेही काही सेकंदच. उड्डाणात ऑइल त्या भोकांतून वाहून गेलं. एका इंजिनाचा दाब घसरला म्हणून वैमानिकांनी ते बंद केलं आणि विमान मायामीकडे वळवलं. तिन्ही इंजिनांचं ऑइल एकदम जाईल यावर त्यांचा विश्वासच बसेना, गेजमध्येच बिघाड असावा असं त्यांना वाटलं. मग उरलेली दोन्ही इंजिनंही थांबली. समुद्रावर उतरायची तयारी सुरू असताना आधी बंद केलेलं इंजिन पुन्हा सुरू झालं आणि त्याच एका इंजिनावर १७२ माणसं सुखरूप मायामीला उतरली. विमानाच्या सगळ्या इंजिनांवर एकच काम एकाच माणसाने एकाच वेळी करू नये, हा आग्रह आमच्या व्यवसायात अशा घटनांमुळे मुरला. विमान सुटायची घाई असताना ‘दुसरा माणूस कशाला, तूच उरक’ असं मलाही एका वरिष्ठाने सुनावलं होतं. मी दुसऱ्या माणसाची वाट पाहिली आणि उशीर माझ्या नावावर लावून घेतला. आजही तेच करीन.

दुसरी घटना मला जास्त छळते. १ एप्रिल २००९. उत्तर समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवरून स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला परतणारं सुपर प्यूमा हेलिकॉप्टर कोसळलं, आतली सोळाच्या सोळा माणसं गेली. मुख्य गिअरबॉक्समधला एक गिअर फुटला होता. त्या गिअरबॉक्सच्या चिप डिटेक्टरवर २५ मार्चला, म्हणजे बरोबर आठवडाभर आधी, धातूचा एक कण सापडला होता. तो दुर्लक्षिला गेला नव्हता. उत्पादक कंपनीशी फोन आणि ईमेलवरून बोलणं झालं होतं. पण कण नेमका कसला आणि कुठल्या भागातला, याबद्दल दोन्हीकडच्या समजुतीत फरक पडला, आणि गिअरबॉक्सचा तो भाग उघडून आतली चुंबकं पाहिली गेली नाहीत. कण मिळाला, घर मिळालं नाही, हेलिकॉप्टर उडत राहिलं. ब्रिटनच्या अपघात तपास विभागाने हे सगळं उघडपणे लिहून ठेवलं आहे, आणि प्रत्येक नव्या इंजिनिअरने ते वाचावं असं मला मनापासून वाटतं.

२९ एप्रिल २०१६ ला नॉर्वेत त्याच घराण्यातलं एच-२२५ हेलिकॉप्टर पडलं, तेरा जण गेले. तिथे भेग धातूच्या आतून वाढत गेली, ऑइलमध्ये इशारा देण्याइतके कणच आले नाहीत. चुंबक त्याचं काम करत होतं, पण त्याच्यापर्यंत काही पोचलंच नाही. म्हणून अशा भागांचं आयुष्य तासांत ठरवून ते वेळेआधी बदलणं आणि डिझाइनच सुधारणं एवढाच उपाय राहतो.

आता नव्या इंजिनांत ऑइलमधून जाणारे कण उडतानाच मोजणारे सेन्सर आले आहेत. भारतात एअरबस निओ विमानं आली तेव्हा त्यांच्या प्रॅट अँड व्हिटनी इंजिनांत तिसऱ्या बेअरिंगच्या सीलची तक्रार ऑइलमधल्या कणांच्या इशाऱ्यांमुळेच पुढे आली. तरी इशारा आल्यावर झाकण उघडून पाहणारा माणूस लागतोच, आणि नमुना तपासणारा केमिस्टही. ज्यांना इंजिनिअरच्या लायसन्सचा अभ्यास झेपणार नाही पण रसायनशास्त्र आवडतं, त्या रोह्याच्या मुला-मुलींना मी या दुसऱ्या वाटेबद्दल सांगतो.

त्यांना पहिला धडा बाटलीचा. नमुना इंजिन बंद केल्यावर लवकरात लवकर, गाळ खाली बसायच्या आत घ्यायचा. नवं ऑइल भरायच्या आधी घ्यायचा. बाटली कोरी हवी, दुसऱ्या कामाला वापरून धुतलेली चालत नाही. चिठ्ठीवर विमानाचा नंबर, इंजिनाचा नंबर, इंजिनाचे एकूण तास, ऑइल बदलल्यापासूनचे तास आणि मागच्या नमुन्यानंतर किती ऑइल भरलं ते लिहायचं. डाव्या इंजिनाची बाटली बंद करून चिठ्ठी लावल्याशिवाय उजव्या इंजिनाकडे जायचं नाही.