माँटगोमेरी येथील एक प्रार्थनामंदिर

अमेरिकेंतील अलाबामा संस्थानची राजधानी माँटगोमेरी. तेथील विधिमंडळाच्या वास्तूपुढें १८६१ सालीं जेफर्सन डेव्हिस यांनीं, गुलामगिरी राखूं पाहणाऱ्या दक्षिणेकडील संस्थानांचे अध्यक्ष म्हणून शपथ घेतली. त्याच वास्तूपासून हांकेच्या अंतरावर तांबड्या विटांचें डेक्स्टर अव्हेन्यू बॅप्टिस्ट चर्च उभें आहे.

दास्यमुक्त कृष्णवर्णीयांनीं १८७७ सालीं ही मंडळी स्थापिली. पुढें तींत शिक्षक, प्राध्यापक, डॉक्टर आले. प्रतिष्ठा आली आणि प्रतिष्ठेबरोबर भीतीहि आली. आमच्या वाचकांस ही गोष्ट निराळी समजावून सांगावयास नको. प्राध्यापकांचा पगार सरकारी व सरकार गोऱ्यांचें. अन्यायाविरुद्ध ब्र काढावा तर नोकरीवर पाणी सोडावें लागे. पाद्र्याचें वेतन मात्र मंडळी आपल्या वर्गणींतून देई, म्हणून त्यास बोलतां येई. व्हर्नन जॉन्स हे तेथील पाद्री मोठे विद्वान्, पण भाजीपालाहि विकीत आणि आपल्याच श्रोत्यांच्या भित्रेपणाचे वाभाडे काढीत! मंडळीस हें कसें सोसावें? १९५२ सालीं त्यांस जावें लागलें. १९५४ सालीं त्यांच्या जागीं पंचवीस वर्षांचे मार्टिन ल्यूथर किंग आले.

१ डिसेंबर १९५५ रोजीं रोझा पार्क्स यांनीं बसमधील आपली जागा गोऱ्या उतारूस देण्याचें नाकारिलें व त्यांस अटक झाली. त्या रात्रीं जो अ‍ॅन रॉबिन्सन निजल्या नाहींत. ह्या बाई सरकारी महाविद्यालयांत इंग्रजी शिकवीत व ह्याच चर्चच्या सभासद होत्या. बसवर बहिष्कार घाला, असें सांगणारीं हजारों पत्रकें त्यांनीं रातोरात छापलीं. आणि तीं कोठें? तर त्याच महाविद्यालयाच्या यंत्रावर! हें साहस आम्हांस किंगांच्या वक्तृत्वाहून तिळमात्र उणें वाटत नाहीं. दुसरे दिवशीं सायंकाळीं चर्चच्या तळघरांत पुढारी जमले व बहिष्कार ठरला. पार्क्सबाई दुसऱ्या चर्चच्या होत्या आणि मोठी सभा होल्ट स्ट्रीटवरील चर्चमध्यें भरली, हेंहि सांगितलें पाहिजे; श्रेय एकट्या डेक्स्टरचें नव्हे.

३८१ दिवस लोकांनीं बस वर्ज्य केली. मंडळीनें किंगांस राहावयास दिलेल्या घरावर जानेवारी १९५६ मध्यें बाँब टाकण्यांत आला. आंत पत्नी व तान्ही मुलगी होती, सुदैवानें त्यांस इजा झाली नाहीं. अखेर सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें त्याच वर्षीं बसमधील भेद बंद झाला. १९५९ सालीं, याच चर्चचे पाद्री असतांना, किंग हिंदुस्थानांत आले व मुंबईंत, गांधीजी जेथें उतरत त्या मणिभवनांत राहिले.

१९६० सालीं किंग अटलांटास गेले. त्याच वर्षीं सरकारी दडपणामुळें रॉबिन्सनबाईंनीं महाविद्यालयाची नोकरी सोडली व त्या लुइझियानांत शिकवूं लागल्या.